जयाचं सोडून

"जयाचं सोडून काय पाह्यजे ते उडव," सुशील म्हणाला, डब्याची पिशवी गाडीच्या हँडलले अडकवली आणि खापरखेड्याले ड्युटीवर निघून गेला. मी गेट धरून उभीच राहिली. तसं पाहिलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. मीच विचारलं होतं. माझा मोबाइल ब्लाउज कटिंगच्या व्हिडिओंनी गच्च भरला होता, ते सगळे घरच्या कॉम्प्युटरवर टाकायचे होते, आणि कॉम्प्युटरनं दोन दिवसांपासून एकच पालुपद लावलं होतं, जागा नाही, जागा नाही. मग मी सरळ विचारलं, अहो, त्याच्यातलं काय काय काढू? त्यानं बूट घालता घालता सांगितलं. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. भाजीवाल्याले सांगावं तसं, की बाबा कोथिंबीर राहू दे, बाकी भर. पण गेटची कडी लावताना माझं बोट चेमटलं आणि ते दुखते आहे हे मले स्वयंपाकघरात आल्यावर समजलं. जयाचं सोडून. म्हणजे माझं धरून. माझं उडवलं तर चालते. हे त्याले वेगळं सांगावंसुद्धा लागलं नाही.

जया म्हणजे माझी सवत. जिवंत असती तर झिंज्या धरल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, चार खाल्ल्या असत्या. पण मी या घरात यायच्या दोन वर्षं आधीच ती काविळीनं गेली, आणि मेलेल्या बाईशी भांडाचं कसं, हे मले माझ्या मायनं शिकवलं नाही. उलट लग्नाच्या दिवशी सासूबाईनं, म्हणजे वच्छलाबाईनं, माझ्या काळ्या पोतीत नखाएवढा एक चांदीचा टाक ओवला. "हे जया," त्या म्हणाल्या. "आधी हिले, मंग तुले. नवी साडी आणली का आधी हिले दाखवाची, हळदकुंकू आधी हिले लावाचं. म्हणजे ती तुले तरास देणार नाही वं बाई." आमच्या विणकरांच्या घरात दुसरेपणावर दिलेल्या पोरीच्या गळ्यात हे येतेच. उमरेडले एका मावशीच्या गळ्यात मी लहानपणी असा टाक पाहिला होता, तेव्हा मले तो दागिना वाटला होता आणि मी तो मागितलासुद्धा होता. मावशी हसली होती. आता नऊ वर्षं झाली. नऊ दिवाळ्यांच्या साड्या आधी तिच्या झाल्या, मग माझ्या. गरमीच्या दिवसात टाक घामानं छातीले चिकटते, आणि सुशील जवळ आला का तो दोघांच्या मधात असतेच, चोंबड्या नणंदेवानी. लेकरू तिलेही झालं नाही, मलेही झालं नाही. तेवढीच काय ती आमची बरोबरी.

तोंडावर मी त्याले अहो म्हणते, मनात सुशील. मनातल्या माणसाले कोण अहो म्हणते? तिनं काय म्हटलं असेल ते मले माहीत नाही, आणि हेच माझं दुखणं आहे, मले त्या दोघांचं काहीच माहीत नाही. कॉम्प्युटरही तिचाच. दोन हजार बारा साली, ते खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरात राहत होते तेव्हा तिनं हट्ट करून घ्यायले लावलेला. पुढे जरीपटक्याले हे घर झालं तेव्हा पलंग बदलला, कपाट बदललं, बायको बदलली, हा काही बदलला नाही. चालू करायचा म्हणजे बटण दाबून वरण शिजायले टाकायचं आणि तीन शिट्ट्या झाल्यावर परत यायचं. तरी बरं, मले त्याच्यातलं येते. आधी टेंपररी फाइली काढल्या. मग पत्त्याचे खेळ, मुदत संपलेला अँटिव्हायरस, सुशीलचे सहा-सात वर्षांपूर्वीचे ड्युटीचार्ट, सासूबाईनं कोणाकडून तरी भरून आणलेली भजनं, तीच तीच दोन दोनदा. उडव, उडव, उडव. मले मजा यायले लागली होती. एवढं करून तीन जीबी जागा झाली. मले पाहिजे होती चौदा. आणि मग समोर एक फोल्डर आला, 'भारती लग्न'. नऊशे एमबी. एवढंसं. एका जीबीच्याही आतलं माझं लग्न. त्याच्यावर बोट ठेवून मी किती वेळ बसली होती कोण जाणे. सुशीलच्या हिशोबानं ते उडवण्यात बसत होतं. त्यानं एक बाई सोडून सारं जग मले देऊन टाकलं होतं ना.

मग मी डी ड्राइव्ह उघडला. तिथं एक जया नव्हती. नऊ होत्या. 'जया'. 'जया कॉपी'. 'जया २'. 'जया खरी'. 'जया खरी कॉपी'. 'जया बॅकअप'. 'जया नवीन'. 'जया फायनल'. आणि शेवटी 'जया उडवू नये'. एकेक पाच जीबीच्या वर. मी मनात म्हटलं, वा रे माणसा, सहा वर्षांच्या संसाराचे पन्नास जीबी, आणि माझ्या नऊ वर्षांचे नऊशे एमबी! एवढं त्यानं तिच्यात काय पाहिलं, किती पाहिलं, कधी कधी पाहिलं? मग फोल्डरांच्या पुढच्या तारखांकडे माझं लक्ष गेलं. दुसऱ्या जयाची तारीख आमच्या हळदीच्या दिवसाची होती. तिकडे उमरेडले माझ्या अंगाले हळद लावून राहिले होते, आणि इकडे नवरदेव कॉम्प्युटरपाशी बसून आधीच्या बायकोची कॉपी काढून राहिला होता. तिसरी आमच्या पहिल्या दिवाळीच्या आधीची. त्या दिवशी मी सगळं घर झाडून काढलं होतं आणि पायरीखाली पडलेल्या तिच्या रबरी चपला कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या. तो मुकाट जेवला होता, आणखी भातही मागितला होता. चौथी, मी कॉम्प्युटरचा पासवर्ड मागितला त्या दिवसाची. पाचवी, मी घरात शिलाईचा क्लास सुरू केला त्या हप्त्यातली. पुढच्या तारखा मले आठवल्या नाहीत, पण आठवायची गरजच नव्हती. मी या घरात एक एक पाऊल टाकत गेली आणि तो मागच्या मागं जयाले एक एक कुलूप लावत गेला. मी काय राक्षसीण होती? तिले खाऊन टाकणार होती? माझी एकही कॉपी या माणसानं काढली नाही. मी हरवीन, मी पुसली जाईन, असं भेव त्याले एक दिवस वाटलं नाही. त्या नऊ फोल्डरांचा नाही, मले त्या भेवाचा हेवा वाटला.

नऊ वर्षं मी जयाचा फोल्डर उघडला नव्हता. स्वतःलेच शपथ घातली होती. पण त्या दिवशी उघडला. दोनशे चौदा फोटो आणि सहा व्हिडिओ. एक एक पाहिला, मोठा करून पाहिला, कोपरे पाहिले. हेवा करणाऱ्या बाईसारखं बारीक तर सोनारही पाहत नाही. क्वार्टरच्या मागं वीजकेंद्राची चिमणी, तिच्यातून धूर, समोर दोरीवर कपडे आणि कपड्यांच्या मधात जया. जया पेरू खाते आहे. जया सायकलवर बसली आहे आणि पाय जमिनीले पुरत नाहीत. जयाचा ताप उतरला त्या दिवशीचा फोटो, कपाळावर ओली पट्टी, तरी हसते आहे. रंगानं माझ्यापेक्षा सावळी. दात पुढं. कोणत्याही फोटोत तिच्या ब्लाउजचा मुंढा धड बसला नव्हता, काखेत सारख्या चुण्या पडत होत्या, आणि खरं सांगते, त्या चुण्या पाहून मले बरं वाटलं. पण दहा-बारा फोटो पाहिले आणि ते बरं वाटणंही गेलं. कारण ती कॅमेऱ्यात पाहतच नव्हती. कॅमेऱ्याच्या वर पाहत होती, जिथं तो उभा असेल तिथं. आता मी बसली होती तिथं. ती इतक्या आपुलकीनं माझ्याकडे पाहून राहिली होती की मीच नजर खाली केली. मग एक व्हिडिओ लावला. त्यात फक्त अंगण आहे, ती पाटीतले गहू निवडते आहे, आणि मागून आवाज येते, "जये, इकडं पाह्य ना. पाह्य ना वं." आणि तो हसते. ते हसणं मी नऊ वर्षांत ऐकलं नाही. घसा मोकळा करून, एखादा पोरगा झाडावरून उडी मारल्यावर हसते तसं. मले तो भारती म्हणते. पूर्ण नाव, शाळेच्या हजेरीसारखं. भारते असं त्यानं एकदा, नुसतं एकदा म्हटलं असतं तर मी या टाकाचं ओझं जन्मभर मुकाट वागवलं असतं.

मग मी दुसरा फोल्डर उघडला, तिसरा उघडला. तेच. तोच पेरू, तीच सायकल, तेच गहू. नऊच्या नऊ फोल्डरांत तेच दोनशे चौदा आणि तेच सहा. म्हणजे पन्नास जीबी नव्हतेच. जया होती पाच जीबीची आणि बाकी सगळं सुशीलचं भेव होतं. मले रडू आलं. कशाचं आलं ते सांगता येत नाही. त्याची कीवही आली, रागही आला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय करून राहिली वं भारती? सकाळपासून त्या डबड्यापुढं बसली हायेस."

"जागा करून राहिली, आई."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मंग कर नं. त्याच्यात रडाले काय झालं?" असं म्हणून त्या तुरीच्या शेंगा सोलायले निघून गेल्या. त्याहीचं बरोबर होतं. त्याच्यात रडाले काय झालं. मी डोळे पुसले आणि ठरवलं, एक जया ठेवायची, बाकीच्या काढायच्या. मेलेल्या माणसालेही एकच जागा असते. आता कोणती ठेवायची? कॉम्प्युटर चालू केला की पहिल्याच पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात, आणखी एक 'जया' होती. सुशील सुट्टीच्या दिवशी पीएफचं पाहतो म्हणून बसते आणि तिच्यावरच दोनदा टिचकी मारते, हे मले स्वयंपाकघरातूनही ऐकू येते. म्हटलं, हीच ठेवू. त्याची सवय मोडाले नको, त्याले कळायलेही नको. ठेवायच्या आधी खातरजमा केली. टिचकी मारली, उघडली. मोजले. दोनशे चौदा, सहा. मग डी ड्राइव्हमधल्या नऊही जया निवडल्या आणि डिलीट दाबलं. हे फार मोठं आहे, कचऱ्याच्या पेटीत मावत नाही, कायमचं काढायचं का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मनात खोट नव्हती. त्या घडीले तर मी स्वतःले मोठी दिलदार समजून राहिली होती, दहातली एक सवतीले ठेवणारी.

आणि काय सांगू, काय ती जागा! लाल पट्टीची निळी झाली. पन्नास जीबी मोकळी. मी एकतीस व्हिडिओ टाकले, कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, गळ्याची पट्टी, बाहीचा मुंढा. तरी जागा उरली. मग चार दिवस मी मोबाइल झाडून पुसून त्यात ओतत राहिली. माझ्या भाच्यांचे वाढदिवस, क्लासच्या पोरींची सहल, माझेच माझेच फोटो, चांगले आलेले, वाईट आलेले, सगळे. कॉम्प्युटर जरा जलद व्हावा म्हणून डिस्क आवरायचं बटणही दाबलं आणि दुपारभर त्याले आवरू दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मले हे घर ऐसपैस वाटलं. पहिल्याच दिवशी सुशीलनं विचारलं होतं, "झाली का जागा?" मी म्हटलं, "झाली." मग त्यानं विचारलं, "जयाचं...?" मी पोळी लाटता लाटता म्हटलं, "आहे नं. जिथं होतं तिथंच आहे." आणि माझ्या हिशोबानं ते खरं होतं.

बुधवारी त्याची सुट्टी होती. आंघोळ करून तो टेबलाशी बसला. टिचकी ऐकू आली. मग आणखी एक. मग लागोपाठ तीन-चार. "भारती," तो म्हणाला, "हे काहून उघडून नाही राहिलं?" मी कणकेच्या हातानं गेली. पडद्यावर एक चौकोन आला होता, आपण ज्या फोल्डरकडे जात आहात तो हलवला किंवा काढला आहे. त्यानं तो बंद केला, पुन्हा टिचकी मारली, पुन्हा तोच चौकोन. त्यानं डी ड्राइव्ह उघडला. तिथं वरपासून खालपर्यंत मी होती. त्यानं खाली नेलं, वर आणलं, पुन्हा खाली नेलं. मी म्हटलं, "अहो, पण मी ठेवली होती. एक ठेवली होती. हीच ठेवली होती." तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, "चादर आण." चादरीत कॉम्प्युटरचा डबा गुंडाळला, मी तो मांडीवर घेतला आणि आम्ही गाडीवर धरमपेठेले निघालो. पूर्ण रस्ताभर तो डबा दोघांच्या मधात होता आणि खड्डा आला की मी त्याले पोटाशी दाबत होती.

धरमपेठेत गेलेला डेटा काढून देणारी एक बाई आहे, प्रणाली मॅडम. तिनं डबा आपल्या पडद्याले जोडला आणि पहिल्या मिनिटातच म्हणाली, "ताई, हे पाहा, या चित्राच्या खाली कोपऱ्यात छोटा बाण दिसते ना? हा फोल्डर नाही. हा शॉर्टकट आहे. हा नुसता रस्ता दाखवते. घर दुसरीकडे होतं, ते तुम्ही पाडलं." सुशीलनं विचारलं, "निघंल का पण?" तिनं तासभर काय काय लावून पाहिलं. मी खुर्चीवर बसून तो बाण पाहून राहिली. आणि तेव्हा मले आठवलं की उमरेडच्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्याच हप्त्यात सरांनी फळ्यावर हाच बाण काढला होता. बाण असला तर माल तिथं नसते, असं आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता. मग त्या दिवशी मले तो बाण दिसला नाही? की दिसला? मी मनाच्या आत जाऊन शोधते, त्या दिवशीची ती दुपार उघडते, टिचकी मारते. काही उघडत नाही. देवाची शपथ घेऊन सांगता येणार नाही मले, हो पण नाही आणि नाही पण नाही. प्रणाली मॅडमनं शेवटी मान हलवली. "उडवल्यावर हात लावला नसता ना, तर सगळं निघालं असतं. पण त्याच्यावर नवीन माल टाकला तुम्ही, वरून डिस्कही आवरली. जिथं ते फोटो होते त्याच जागेवर आता हे ब्लाउजचे व्हिडिओ बसले आहेत." ती भली बाई साधंच बोलली. माझ्या आत मात्र कोणीतरी टुणकन उठून बसलं. मी ते पाहिलं. लाज वाटली, पण पाहिलं.

सुशील ओरडला असता तर मी पाय धरले असते. तो ओरडला नाही. तीन दिवस नुसता ड्युटीले गेला आणि आला. मोबाइलमध्ये तिचा एकही फोटो नव्हता, तू पाहशील म्हणून नाही ठेवला, एवढंच म्हणाला. लग्नाचा अल्बम तिच्या मायनं कधीचा नेलेला. ती माय आता नाही, आणि अल्बम कोणाकडे आहे तेही कोणाले ठाऊक नाही. मी घरात पाय न वाजवता फिरत होती आणि मनात जळतही होती, कारण आता ती कुठंच नव्हती आणि तो सारखा तिच्यापाशीच होता. पहिले निदान टिचकी तरी ऐकू यायची. आता जेवताना घास हातात राहायचा, ओठ हलायचे, आणि मले कळायचं, हा फोटो मोजून राहिला आहे. चौथ्या दिवशी दिवेलागणीले तो पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला. अगदी जवळ, खांद्याले खांदा लागेल असा. इतक्या वर्षांत असा कधी बसला नव्हता.

"तू उडवाच्या आधी पाहिले होते नं?"

"हो."

"सगळे?"

"सगळे. एक एक."

तो म्हणाला, "मले गडबड होऊन राहिली वं. चारच दिवस झाले अन् पुसल्यासारखं होऊन राहिलं. दिवाळीचा तो फोटो, ती दाराशी बसून रांगोळी काढते तो. साडी कोणती होती तिची? सकाळपासून आठवून राहिलो, येतच नाही."

वं म्हणाला तो मले. आणि माझ्या तोंडाकडे पाहून राहिला, वर, सरळ डोळ्यात, जसं ती पाहायची. तो फोटो मले लखलखीत आठवत होता. जांभळी, साधी, बिनकाठाची साडी. पदर कमरेले खोचलेला, उजव्या हाताची बांगडी वर चढलेली, गालाले पांढरी रांगोळी लागलेली. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा माझ्यापाशी होते, आता फक्त माझ्यापाशी. तो मागत होता आणि मले द्यायचं होतं. माझी जीभ जांभळी म्हणायले उचललीही होती.

"हिरवी होती," मी म्हटलं. "पोपटी हिरवी. लाल काठाची. काठावर बारीक नक्षी होती, आठवते का?"

त्यानं डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"हो, हो," सुशील म्हणाला. "तीच. दिसून राहिली मले आता."

ती साडी माझी होती.